हरण्या एकच, मग शेजारची बाग का बसली?

प्रश्न : एकाच गाडीतून आलेली केळीची टिश्यू कल्चरची रोपं. माझ्याकडे पानांवर नुसत्या पिवळ्या रेघा, बांधापलीकडे मात्र पोंगे सडून झाडं बसली. दोघांनाही हरण्या रोगच सांगितला. असं कसं? – केळी उत्पादक, रावेर

भाऊ, नाव एक असलं तरी विषाणूचे वाण वेगळे असू शकतात. हरण्या होतो कुकुंबर मोझॅक या विषाणूमुळे, थोडक्यात सीएमव्ही. त्याचा सगळा संसार आरएनएच्या, म्हणजे त्याची जनुकं वाहणाऱ्या रेणूच्या, ३ तुकड्यांत, जनुकं अवघी ५. त्यातलं '२बी' हे खरं कारस्थानी. झाड विषाणूचा आरएनए ओळखून कातरत असतं. २बीचं प्रथिन नेमकी तीच कात्री धरून ठेवतं. प्रयोगशाळेत जहाल वाणातून हे जनुक काढलं, तर तंबाखूच्या झाडात विषाणू राहतो, पण लक्षणं जेमतेम दिसतात. विषाणूच्या बाहेरच्या आवरणाच्या प्रथिनाचीही गंमत आहे. त्यातलं १२९ व्या जागेवरचं एक अमिनो आम्ल बदललं, तरी तंबाखूच्या पानावरची हिरवी नक्षी पिवळी पडते.

पण सगळा दोष जनुकाला देऊ नका. गारव्यात झाडाची कात्री बोथट होते, म्हणून श्रावणझडीत हरण्या चेकाळतो. शेजाऱ्यांची रोपं त्या वेळी किती लहान होती आणि मध्ये काकडी लावली होती का (हा विषाणू तिच्यावरही राहतो), हे आधी विचारा.

प्रश्न : मिरचीवरचा बोकड्या (पानं चुरडण्याचा रोग) यंदा इतका जहाल का? – नंदुरबार

आधी पान उलटून बघा. फुलकिडे आणि कोळीही पानं वळवतात, आणि तिथे औषध चालतं. विषाणूच असेल, तर त्याच्यासोबत बहुधा एक बांडगूळ असतं, बीटासॅटेलाइट. सुमारे १,३५० अक्षरांचा डीएनए; स्वतःच्या प्रती काढायलाही मुख्य विषाणू लागतो. त्यातलं 'बीटासी१' हे एकच जनुक झाडाचा बचाव मोडतं आणि पानं चुरडतं. विषाणू आणि बांडगुळाच्या काही जोड्यांमध्ये तर ते विषाणू पसरवणाऱ्या पांढऱ्या माशीविरुद्धचा झाडाचा प्रतिकारही ढिला करतं, म्हणजे वाहनाची सोय आयतीच!

प्रश्न : पपईला सौम्य विषाणूची लस टोचता येत नाही का? – शहादा

हवाई आणि तैवानमध्ये रिंगस्पॉट या पपईवरच्या विषाणूवर हे करून पाहिलं. सौम्य वाण आधी टोचला, तर त्याच्याच जवळच्या नात्यातला जहाल वाण अडतो. दूरचा आला की बाग गेली. पुढे हवाईत विषाणूच्या आवरणाचंच जनुक पपईत घातलं, १९९८ साली 'रेनबो' ही पपई बाजारात आली. आपल्याकडे अशा पपईच्या लागवडीला परवानगी नाही.

प्रश्न : केळीवरच्या हरण्यासाठी दुकानदार स्ट्रेप्टोमायसिन देतो. मारू का? – यावल

नको. ते जिवाणूंवरचं, हरण्या विषाणूचा. कीटकनाशकाचंही तसंच : तो पसरवणारा मावा तर एका टोचणीत, औषधाने मरायच्या आधीच सीएमव्ही देऊन मोकळा होतो. रेघा दिसल्या की झाड कंदासकट उपटून बागेबाहेर गाडा, आणि बांधावरचा काकडीचा वेलही त्याच दिवशी काढा.