रडता रडता काळानिळा पडतो, म्हणून हवं ते देऊन टाकायचं का?

पत्र : मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे. मोबाइल काढून घेतला की जोरात रडतो, श्वास कोंडतो, ओठ काळेनिळे पडतात, डोळे फिरवतो आणि अंग टाकून देतो. गेल्या महिन्यात असं चार वेळा झालं. सासूबाई त्याला खांद्यावर घेऊन पाठ थोपटतात, कांदा हुंगवतात. नवरा म्हणतो, नाटकं आहेत, एक ठेवून दे. मी घाबरून आधीच मोबाइल देते. दूध भरपूर पितो, जेवायला मात्र नको. मे महिन्यात कोकणात जायचंय. गाडीत असं झालं तर?
– एक आई, भांडुप

तुमच्या घरातल्या तिघांपैकी कुणाचंच पूर्ण बरोबर नाही, पण सर्वांत जास्त चुकतायत ते मुलाचे बाबा. हे नाटक नाही. रडताना फुप्फुसातली हवा बाहेर जाते आणि पुढचा श्वास आत यायच्या आधी सगळं अडकतं. ते त्याच्या हातात नसतं. ऑक्सिजन कमी होतो, ओठ निळे पडतात, शुद्ध हरपते, आणि शुद्ध हरपली की शरीर आपोआप श्वास घेऊ लागतं. हा सगळा खेळ बहुतेक वेळा मिनिटाच्या आत आटोपतो. कधी अंग ताठ होतं, हातपाय दोनचार झटके देतात. तेवढ्यावरून ती फिट ठरत नाही. फिटमध्ये आधी रडणं असायलाच हवं असं नसतं, इथे ते दर वेळी असतं, आणि निळेपणा शुद्ध जाण्याच्या आधी येतो. सहा महिने ते सहा वर्षं या वयात हे दिसतं, आणि बहुतेक मुलांचं शाळेच्या वयापर्यंत आपोआप थांबतं.

आता सासूबाईंची पद्धत. खांद्यावर उभं धरलं की मेंदूकडे जाणारं रक्त आणखी कमी होतं, म्हणजे शुद्ध यायला उलट उशीर. त्याला जमिनीवर आडवा ठेवा, कुशीवर वळवा, डोक्याजवळचं टेबल-खुर्ची सरकवा आणि घड्याळ बघा. तोंडात बोट किंवा चमचा घालू नका, पाणी पाजू नका, हलवून जागं करू नका. कांद्याचं म्हणाल, तर अर्ध्या मिनिटात श्वास येणारच असतो. तो येईपर्यंत कांदा चिरून होतो आणि श्रेय कांद्याला मिळतं! चप्पल नि किल्लीची गोष्टही तीच.

एक अपवाद आजींना नीट सांगून ठेवा. तो काही खात असताना अचानक आवाज बंद झाला, तर तो घास अडकलेला असू शकतो. तिथे वाट पाहायची नाही. पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताने पाच जोरदार थापा मारायच्या.

शुद्धीवर आल्यावर एकदा जवळ घ्या, ‘झालं हं’ म्हणा आणि पुढच्या कामाला लागा. मोबाइल मात्र परत द्यायचा नाही. श्वास कोंडणं तो ठरवून करत नाही, पण त्यानंतर काय हाती येतं हे तो नक्की शिकतो. चापट तर नकोच, कारण दुखण्यानेही हाच प्रकार सुरू होऊ शकतो. भूक आणि झोपेची वेळ सांभाळा. बंद करायच्या आधी ‘हे गाणं संपलं की ठेवायचं’ असं सांगा. पहिला हुंदका ऐकू आला की खिडकीतली खार नाहीतर कावळा दाखवा. आजी आणि तुम्ही, दोघींचा नियम एकच हवा.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, ते दुधाचं. दुधात लोह अगदी कमी, आणि पोट दुधानेच भरलं की मूल जेवत नाही. लोहाची कमतरता असलेल्या मुलांत हे झटके जास्त दिसतात, आणि लोह सुरू केल्यावर पुष्कळांचे कमी होतात. म्हणून बालरोगतज्ज्ञांना सांगून रक्ताच्या दोन तपासण्या करून घ्या: सीबीसी (यात हिमोग्लोबिन कळतं) आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा). या वयात हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर ते कमीच. पण ते ठीक असूनही फेरिटिन कमी निघू शकतं, तेव्हा एकाच तपासणीवर थांबू नका. उपचाराचा डोस साधारणपणे वजनाच्या किलोमागे रोज ३ मिलिग्रॅमपासून असतो. ११ किलोच्या मुलाला सुमारे ३३ मिलिग्रॅम, पण ते एलिमेंटल आयर्न, म्हणजे औषधातलं प्रत्यक्ष लोह. प्रत्येक बाटलीत प्रमाण वेगळं, म्हणून किती मिली द्यायचं ते डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. अंगणवाडीतून आठवड्यातून दोनदा मिळणारं १ मिली सिरप (२० मिलिग्रॅम) चालू असेल तर तेही सांगा. औषध दुधाबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर चालेल. शी काळी होते, घाबरू नका. फरक दिसायला काही आठवडे लागतात, आणि कोर्स सहसा तीन महिने तरी चालतो. दूध दिवसभरात दोन कपांवर आणा, चहा-बिस्कीट बंद करा. अंडं, मासे, मोड आलेली मटकी, वर लिंबू.

डॉक्टरांना दाखवायला एकदा व्हिडिओ काढून ठेवा. निळा न पडता एकदम पांढराफटक पडत असेल, न रडता, झोपेत किंवा धावताना असं होत असेल, किंवा घराण्यात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर ईसीजी करून घ्यायलाच हवा. एका मिनिटानंतरही श्वास आला नाही, तर १०८ ला फोन करा आणि तोंडाने श्वास व छातीवर दाब सुरू करा.

कोकणात खुशाल जा. गाडीत झालं तर बर्थवर कुशीवर ठेवा आणि भोवती जमलेल्यांना सांगा, ‘याला असं होतं, अर्ध्या मिनिटात येतो.’ लोहाची बाटली मात्र बॅगेच्या वरच्या, चेनच्या कप्प्यात ठेवा. ती गोड लागते, आणि मुलाने एकदम प्यायली तर थेट हॉस्पिटल गाठावं लागेल.