एनक्लेक्ससाठी किती महिने धरायचे?

प्रश्न : बी.एस्सी. नर्सिंगचा निकाल नुकताच लागला. अमेरिकेसाठी एनक्लेक्स-आरएन, म्हणजे तिथल्या नोंदणीकृत नर्सच्या (आरएन) परवान्याची परीक्षा, द्यायची आहे. कोणी दीड महिना पुरे म्हणतं, कोणी सहा महिने. मी काय धरू?

उत्तर : नोकरी नसेल आणि रोज चार-पाच तास बसता येत असेल, तर सहा ते आठ आठवडे. सहा महिन्यांचा बेत आखला की त्यातले पहिले तीन नुसते वेळापत्रक रंगवण्यात जातात. शिवाय कॉलेज सुटून जितके दिवस लोटतात तितकं वाचलेलं पुसट होत जातं.

पण बाहेरच्या देशात शिकलेल्यांचा खरा वेळ खातात ते कागद. ट्रान्सक्रिप्ट, नर्सिंग कौन्सिलकडून नोंदणीची पडताळणी, अमेरिकेतल्या ज्या राज्यात अर्ज करायचा तिथल्या नर्सिंग बोर्डाची मंजुरी, यात महिने जातात. मग परीक्षेची परवानगी, म्हणजे एटीटी, येते. ती साधारण ९० दिवस चालते आणि वाढवून मिळत नाही. त्या मुदतीतच परीक्षा द्यावी लागते. म्हणून कागद फिरत असताना रोज २५ प्रश्न, सवय मोडू नये एवढ्यापुरते. एटीटी हातात पडली की आठवा आठवडा धरून तारीख घ्या आणि मग रोज ७५ प्रश्न. सोडवायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ स्पष्टीकरणं वाचायला द्या, उत्तर बरोबर आलं असलं तरी. तुक्का बरोबर लागला की चूक लपते.

प्रश्न : ताई, मी सहा वर्षं आयसीयूत आहे. तरी सराव परीक्षेत निम्मेच प्रश्न बरोबर येतात. नाईट करून किती महिने लागतील?

उत्तर : चार ते सहा महिने. आणि गुण कमी का येतात, तर बऱ्याचदा अनुभवामुळेच! वॉर्डात आपण हातात असलेल्या माणसांत आणि सामानात भागवतो. एनक्लेक्सच्या हॉस्पिटलात स्टाफ पुरेसा असतो, सामान जागेवर असतं आणि समोर प्रश्नात दिलेलेच पेशंट असतात. तिथे 'आमच्याकडे असं करतात' हे उत्तर चालत नाही.

एक उदाहरण घ्या. आधी कोणाकडे जाल : सीओपीडीचा (फुफ्फुसाच्या जुनाट आजाराचा) पेशंट, ऑक्सिजन ९० टक्के, की थायरॉइड काढून आलेली पेशंट, जी ओठांभोवती मुंग्या येतात म्हणतेय? आयसीयूतली सिस्टर आकडा बघून पहिल्याकडे धावते. पण सीओपीडीत ९० अपेक्षितच. ओठांभोवतीच्या मुंग्या म्हणजे कॅल्शियम उतरतंय. थायरॉइडला लागून असलेल्या, कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथींना धक्का लागला असेल, आणि पुढे स्वरयंत्र आवळून श्वास अडकू शकतो. परीक्षा विचारते ते हे : नवं काय, अनपेक्षित काय? काम वाटून देण्याच्या प्रश्नांतही आपल्याकडच्या सिस्टर्स अडकतात. पहिली तपासणी, पेशंटला शिकवणं आणि परिणाम जोखणं ही कामं आरएनची. ती मदतनीसाकडे देता येत नाहीत. हे दोन विषय पक्के करायलाच एक महिना ठेवा.

नाईट उतरून आल्यावर अभ्यासाला बसू नका. झोपा. सुट्टीच्या दिवशी तीन तास खूप झाले.

प्रश्न : नव्या पद्धतीमुळे जास्त दिवस लागतात का?

उत्तर : फारसे नाही. एप्रिल २०२३ पासून केस स्टडी, म्हणजे एका पेशंटच्या माहितीवर सलग प्रश्न, आल्या : तीन केस, प्रत्येकी सहा प्रश्न. एकूण प्रश्न किमान ८५, कमाल १५०, वेळ पाच तास. मागच्या प्रश्नावर परत जाता येत नाही, त्यामुळे सरावही तसाच करा. 'लागू असतील ते सर्व निवडा' प्रकारात आता अर्धवट गुण मिळतात. चुकीची खूण मिळालेले गुण कापते, पण त्या प्रश्नाचे गुण शून्याखाली जात नाहीत.

प्रश्न : १५० प्रश्न आले आणि नापास झाले. घरचे म्हणतात, लगेच परत दे.

उत्तर : १५० पर्यंत गेलात म्हणजे तुम्ही काठावर होतात. पास की नापास हे ९५ टक्के खात्रीने ठरवता येईपर्यंत संगणक प्रश्न देत राहतो, आणि तुमच्या बाबतीत त्याला शेवटपर्यंत ते जमलं नाही. (म्हणूनच ८५ वर स्क्रीन बंद झाली तर निकाल दोन्ही बाजूंनी लागू शकतो.) पुन्हा बसायला किमान ४५ दिवस थांबावंच लागतं. मी दोन-अडीच महिने म्हणेन. नापास उमेदवाराला विषयवार अहवाल मिळतो. त्यात 'पातळीखाली' आलेले विषय आधी, 'पातळीजवळ' आलेले नंतर. प्रश्नसंच मात्र बदला. जुन्या संचातली उत्तरं तुम्हाला पाठ झालीत, त्यामुळे तिथले ८० टक्के गुण फसवे.

प्रश्न : आदल्या दिवशी किती तास वाचू?

उत्तर : शून्य. त्याऐवजी पासपोर्ट काढून बघा. त्यावरचं नाव आणि परीक्षेच्या नोंदणीतलं नाव हुबेहूब जुळायला हवं. लग्नानंतर एकीकडे नाव बदललं आणि दुसरीकडे माहेरचंच राहिलं, तर दारातून परत पाठवतात आणि २०० डॉलर फी बुडते. खरं तर हे आदल्या दिवशी नाही, नोंदणी करतानाच बघायचं.