बांगडा रापणीत का येईना?

प्रश्न : माझे आजे आणि वडील रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, होते, मीही तेच करतो. पूर्वी बांगड्याची मारी (थवा) किनाऱ्यालगत वर यायची, पाणी काळं दिसायचं. आता रापण रिकामी येते आणि ट्रॉलरला मात्र तळातून बांगडा मिळतो. बांगडा संपला का?
— एक रापणकर, मालवण

उत्तर : नाही, दादा, संपला नाही. खाली गेलाय. माशाचं अंग पाण्याइतकंच गरम असतं. एप्रिल-मे महिन्यात अरबी समुद्राचं वरचं पाणी ३० अंशांच्या आसपास जातं. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि नेमका तेव्हाच माशाला तो जास्त लागतो. त्यात बांगडा सदा पोहणारा. म्हणून तो गार थराकडे उतरतो. केरळ-कर्नाटकातला हा मासा आता गुजरातपर्यंत चांगला मिळतो, तेही याच तापण्यामुळे, असं कोची इथल्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या अभ्यासकांचं म्हणणं आहे.

पण सगळा दोष उन्हाला देऊ नका. किनाऱ्याजवळ घुसणारे ट्रॉलर मारी फोडतात, हे तुम्ही रोज बघता. माझ्या मते तुमचं गाऱ्हाणं खरं आहे. रापण खोल जाऊ शकत नाही, म्हणून उथळ पाणी तरी तुमच्यासाठी राखलंच पाहिजे. मारी दिसेल त्या दिवशी तारीख, वारा आणि पाणी किती गरम लागलं ते वहीत लिहा. ती वही मला वाचायला आवडेल.