पट्टीची बेरीज आणि ताईचा फोन

प्रश्न : माझा धाकटा भाऊ २९ वर्षांचा आहे. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका पेढीवर तो हिशेब लिहीत असे. शेतकऱ्याच्या पट्टीतील, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदातील, हमाली-तोलाईची बेरीज तो सात-सात वेळा करी, आणि मध्ये कोणी बोलले की पुन्हा पहिल्यापासून. शेतकरी खोळंबून राहत; अखेर त्याची नोकरी गेली. मंत्रचळाचे, म्हणजे ओसीडीचे, निदान होऊन सहा आठवडे औषध चालू आहे. आता एका पतसंस्थेत जागा आहे. तेथे आजाराविषयी सांगावे का? की हिशेबाचे कामच सोडावे? पेढीवरून तो मला रोज पट्टीचे फोटो पाठवून ‘ताई, बरोबर आहे ना?’ असे विचारी आणि मी ‘हो’ म्हणे.
– एक भगिनी, विश्रामबाग

उत्तर : आपण शेवटी ओझरते लिहिले आहे, तेच मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आपल्या ‘हो’ने भावाला घटकाभर हायसे वाटत असे, पण त्यातूनच पुढच्या पट्टीची शंका अधिक बळकट होत असे, कारण खात्री मिळाल्याशिवाय कागद हातावेगळा करायचा नाही, हे त्याच्या मनाने पक्के धरले होते. आपण हे मायेपोटी केले, त्यात दोष नाही, परंतु नव्या नोकरीत हा फोन चालू राहिला, तर पतसंस्थेनेही फारसे काही बदलणार नाही.

सहा आठवड्यांवरून औषधाचा निवाडा करू नये. या आजारात सरट्रालीन, फ्लुओक्सेटिन यांसारख्या औषधांचा पुरता परिणाम दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात, आणि मात्राही पुष्कळदा नैराश्यात लागते त्याहून जास्त असते. औषधाच्या जोडीला वर्तनोपचार हवा. त्यात धास्तीला मुद्दाम सामोरे जाऊन नेहमीची कृती रोखून धरायची असते. म्हणजे बेरीज एकदा करायची, एकदा ताडायची आणि छातीत धडधडत असतानाही कागद पुढे सरकवायचा. उपचारकाने हा सराव कोऱ्या व्हाउचरवर घरीच सुरू करून द्यावा. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकार विभाग आहे; मधल्या काळात १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेच्या, निःशुल्क क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

हिशेब सोडून गोदामाचे काम धरले, तर शंका बेरजेवरून कुलपावर जाईल, एवढेच. उलट पतसंस्थेत एकाने लिहिलेले व्हाउचर दुसऱ्याने तपासण्याची आणि संध्याकाळी रोकड जुळवण्याची रीत असते. ही तपासणी सर्वांसाठी असल्याने ती जरूर करावी. तिच्यावर स्वतःची जी चौथी-पाचवी फेरी चढते, तो आजार. हा फरक त्याला उपचारकाकडून लेखी करून घेऊ द्या.

आता सांगण्याविषयी. मुलाखतीत आपणहून निदान सांगण्याचे बंधन नाही. मात्र अर्जात आरोग्याचा प्रश्न असेल, तर खोटे लिहू नये. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार उपचारांची माहिती गोपनीय असते, त्यामुळे डॉक्टर ती परस्पर संस्थेला देणार नाहीत. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार धरला आहे. पण आरक्षण सरकारी नोकऱ्यांपुरते असून त्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते, तेव्हा या जागेसाठी त्यामागे धावण्यात अर्थ नाही. माझे मत असे, की रुजू झाल्यावर एका जबाबदार अधिकाऱ्याशी, आणि तेही कामाच्या भाषेत, बोलावे : ‘मला शंका घेऊन पुन्हा पुन्हा तपासण्याचा त्रास आहे, उपचार चालू आहेत, आठवड्यातून एकदा तासभर लवकर जाऊ द्यावे, आणि पहिला महिनाभर काउंटरऐवजी आतले काम द्यावे.’ ‘माझे काम कोणीतरी पुन्हा पाहावे’ अशी सवलत मात्र मागू नये. ती दिली, तर रोज ‘हो’ म्हणण्याची आपली जागा तेथला सहकारी घेईल.

फोनविषयी दोघांनी उपचारकासमोर आधीच ठरवावे. त्याचा फोन आला की आपण एवढेच म्हणावे : ‘याचे उत्तर मी देणार नाही, असे आपले ठरले आहे. जेवायला काय करू?’ पहिले काही दिवस तो चिडेल, फोन आपटेल; तरीही फोटो उघडू नका.