बिअरमध्ये यीस्ट पुरेसं पडलंय का, हे कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही मूळचे गारगोटीचे, सध्या कॅनडात. तळघरात २० लिटर बिअर लावलीय, सुरुवातीची ग्रॅव्हिटी (काढ्याची, म्हणजे मोड आलेल्या जवाच्या गोड पाण्याची घनता) १.०४८, वरून एल यीस्टची (एल म्हणजे जरा उबेत आंबणारी बिअर) ११ ग्रॅमची एक पुडी भुरभुरलीत. २६ तास झाले तरी एअरलॉकमधून (वायू बाहेर सोडणारी झाकणावरची नळी) बुडबुडा नाही. तळघरात १५ अंश. यीस्ट कमी पडलं का, आणखी एक पुडी टाकू का?

टाकू नका. निदान आज तरी नको.

मी कोण सांगणारा, तर शिवाजी विद्यापीठातून मायक्रोबायॉलॉजी केली आणि पुढची एकवीस वर्षं कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मळी आंबवण्यात घालवली. बिअर मी स्वतः कधी लावलेली नाही. आपल्याकडे परवान्याशिवाय घरी लावणं हा गुन्हा आहे, तुमच्याकडे स्वतःपुरती चालते. पण माझा भाचा ऑकलंडला लावतो आणि दर वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचाच प्रश्न घेऊन मला फोन करतो. त्यामुळे उत्तर तोंडपाठ झालंय.

आधी हिशेब. एलसाठी ठोकताळा असा की दर मिलिलिटरला, दर अंश प्लेटोला (प्लेटो हे काढ्यातल्या साखरेचं माप) साडेसात लाख जिवंत पेशी हव्यात. लागरला, म्हणजे थंडीत आंबणाऱ्या बिअरला, याच्या दुप्पट. १.०४८ म्हणजे साधारण १२ अंश प्लेटो, म्हणजे मिलिलिटरला ९० लाख, आणि २० लिटरला १८,००० कोटी. कोरड्या यीस्टच्या ग्रॅममागे १,००० कोटी धरल्या तर तुमच्या पुडीत ११,००० कोटीच भरतात. हा आकडा बघून माणूस घाबरतो. भाचाही घाबरला होता. पण कोरडं यीस्ट तयार करताना त्याला भरपूर हवा देऊन वाढवलेलं असतं, शिदोरी बरोबर घेऊनच ते पुडीत बसतं. म्हणून कंपन्या साध्या एलला लिटरमागे अर्धा ते पाऊण ग्रॅम पुरे म्हणतात. २० लिटरला १० ते १५ ग्रॅम. तुमचे ११ त्यात बसतात, काठावर का होईना. ग्रॅव्हिटी १.०७० असती किंवा लागर असती, तर दोन पुड्या घ्या म्हणालो असतो.

आता पुडीवरची तारीख बघा, आणि यीस्ट टाकलंत तेव्हा काढा किती गरम होता ते आठवा. मोजून किती टाकलं यापेक्षा त्यातलं जिवंत किती, हा खरा प्रश्न. लॅबमध्ये आम्ही थेंबभर मेथिलीन ब्लू घालून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचो: मेलेली पेशी निळी दिसते, जिवंत पेशी बिनरंगी राहते. तुमच्याकडे सूक्ष्मदर्शक नसणार. पण त्याच खोक्यातली दुसरी पुडी असेल तर चिमूटभर यीस्ट कोमट साखरपाण्यात टाका. अर्ध्या तासात वर साय धरल्यासारखा फेस आला की माल जिवंत आहे म्हणायचं. किती जिवंत ते यातून कळत नाही, पण मेलेल्या पुडीची शंका फिटते.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी रात्रपाळीला एक भांडं काही केल्या उठेना. मला वाटलं यीस्ट कमी पडलं. मी आणखी सोडायला सांगितलं. आमचे ऑपरेटर मामा कागलकडचे, वयानं माझ्या दुप्पट. त्यांनी भांड्याच्या पत्र्याला तळहात लावला आणि म्हणाले, "सायेब, ह्ये भट्टीगत तापलंय की. आनी घातलं तर तेबी मरंल." कूलरमध्ये गाळ अडकला होता, पाणी फिरतच नव्हतं. तेव्हापासून कुणी यीस्ट कमी पडलं म्हणालं की मी आधी तापमान विचारतो.

तुमचं उलटं आहे, तुमचं भांडं गारठलंय. बहुतेक एल यीस्टला १८ ते २२ अंश मानवतं. १५ ला ते मरत नाही, अंग चोरून पडून राहतं. आमच्याकडे डिसेंबरात विरजण लावलेलं पातेलं आई गोणपाटात गुंडाळून ठेवायची. घाईनं दोन चमचे विरजण जास्त घातलं तर दही लवकर लागायचं, पण आंबट व्हायचं. तुम्हीही फर्मेंटर (आंबवायचं भांडं) वरच्या मजल्यावर न्या, जुनी रजई गुंडाळा. एकदम चुलीशेजारी नको.

एअरलॉकवर तर विश्वासच ठेवू नका. प्लॅस्टिकच्या बादलीचं झाकण कुठंतरी हवा सोडतंच, वायू तिथून जातो आणि एअरलॉक मुका बसतो. झाकणाच्या कडेनं टॉर्च मारून बघा, काढ्यावर फेस किंवा भिंतीला तपकिरी कडा दिसली तर काम चालू आहे. सारखं उघडून मात्र बघू नका.

खरी साक्ष हायड्रोमीटरची, म्हणजे ग्रॅव्हिटी मोजायच्या तरंगत्या नळीची. ७२ तास होऊ द्या, मग निर्जंतुक केलेल्या पळीनं नमुना काढून मोजा. १.०४० किंवा खाली आली असेल तर यीस्ट पुरलं, विषय संपला. १.०४८ वरच असेल तर मात्र नवी पुडी आणा, यीस्टच्या दहापट वजनाच्या कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा आणि सोडा. रिफ्रॅक्टोमीटर (थेंबभर नमुन्यावरून साखर मोजणारं उपकरण) असला तर दुरुस्तीच्या सूत्राशिवाय त्याचा आकडा धरू नका, अल्कोहोल तयार झाल्यावर तो चुकीचा दाखवतो.

यीस्ट खरंच कमी पडलं असेल तर त्याच्या खुणा पुढे चवीत उतरतात: हिरव्या सफरचंदाचा वास, लोण्यासारखी चव, कधी नेलपॉलिशसारखा उग्रपणा. ग्रॅव्हिटीही मधेच अडते. पण इथंही घाईनं यीस्टवर बिल फाडू नका. तयार एक्स्ट्रॅक्ट (काढ्याचा आटवलेला पाक) वापरलं असेल तर त्यातली काही साखर यीस्टला खाताच येत नाही आणि आकडा १.०२० च्या आसपास थांबतो. अशा वेळी कितीही यीस्ट ओता, तो हलत नाही.

तुमच्या बॅचला ७५ टक्के साखर गेली असं धरलं तर १.०१२ च्या आसपास थांबायला हवं. दोन-तीन दिवसांच्या अंतरानं दोनदा मोजा, आकडा तोच आला तरच बाटल्या भरा. भाच्यानं एकदा घाई केली होती. ऑकलंडच्या गॅरेजमध्ये रात्री तीन वाजता आत साठलेल्या वायूनं सहा बाटल्या फुटल्या, आणि तेव्हाही फोन मलाच आला.