‘मी नागपूरचा. शिडाच्या बोटीवर राहून बेटाबेटांतून फिरायचं स्वप्न आहे. आपण कोरड्या गावचे, आपल्याला समुद्राचं काय कळणार? सुरुवात कुठून करू? आणि किनाऱ्यावर ये-जा करायला इंजिनवाली डिंगी, म्हणजे छोटी होडी, घ्यावी की कयाक?’

वल्हवायला शिका. इंजिन, कयाक (दोन टोकांना पातं असलेल्या वल्ह्याने चालवायची अरुंद होडी), पॅडलबोर्ड सगळं नंतर. आणि त्यासाठी मुंबई-गोव्याला जायची गरज नाही, वल्हवणं नागपुरात शिकता येतं.

तुमच्या प्रश्नातलं ते ‘कोरड्या गावचे’ वाचलं आणि उत्तर लिहायला बसलो. हेच शब्द मी पाच महिने एका चौतीस फुटी बोटीवर रोज ऐकले आहेत. बोलणारा माझा जिवलग मित्र, गिरगावात वाढलेला, बोटीचा मालक. त्याने बोट लंकावीला ठेवली होती, मलेशियाच्या वायव्य टोकाला, थायलंडच्या हद्दीजवळ. नोव्हेंबर ते मार्च आम्ही दोघं तिच्यावर राहिलो. मोसम तोच बरोबर. तेव्हा तिकडे ईशान्येचा वारा असतो आणि बेटांच्या आडोशाला पाणी शांत राहतं.

बोटीवर राहणं म्हणजे दिवसभर शीड, असं लोकांना वाटतं. आम्ही शीड आठवड्यातून दोन-तीनदा चढवायचो. डिंगी मात्र दिवसातून चार वेळा लागायची. बाजार, पाणी, डिझेल, कचरा, धुणं, शेजारच्या बोटीवर चहा, नांगर नीट बसलाय का ते बघणं, सगळं तिच्यातून. नागपुरात दारातल्या स्कूटीचं जे काम, ते तिथे डिंगीचं. म्हणून माझं ठाम मत आहे की ज्याला डिंगी हाताळता येत नाही त्याने मोठ्या बोटीच्या गप्पा मारू नयेत.

मी कॉलेजात एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये होतो. अंबाझरी तलावावर आमचं बोट पुलिंग, म्हणजे वल्हवण्याचा सराव, चालायचा. व्हेलर म्हणजे २७ फुटी जड लाकडी बोट, पाच वल्ही, पाच पोट्टे, मागे सुकाणूवर एक जण. पहिल्या महिन्यात तळहाताला फोड, दुसऱ्या महिन्यात ते फुटून घट्टे. आमचे इन्स्ट्रक्टर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे, पाय रोवा, पाठ वापरा, हात फक्त धरायला आहेत. वल्हं पाण्याबाहेर आलं की पातं आडवं करा, नाहीतर वारा ते ढकलतो. आणि मागे दोन खुणा धरा. वल्हवताना तोंड मागे असतं, पुढचं दिसत नाही, म्हणून मागच्या काठावरचं एखादं झाड आणि त्यामागचा खांब एका रेषेत ठेवायचा. रेष मोडली की बोट भरकटते आहे. या तीन गोष्टी मी आजवर विसरलो नाही.

दुसरी शाळा माझ्या मामाच्या गावी, भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेकाठी. तेव्हा तिथे पूल नव्हता, डोंग्यातून नदी ओलांडायची. नावाडी ढिवर समाजातले एक म्हातारे होते. पावसाळा सरता सरता नदीला ओढ असायची, तेव्हा ते डोंगा सरळ समोरच्या काठाकडे कधीच घालत नसत. आधी काठाकाठाने, झाडांच्या मुळ्यांना लागून, बरंच वर जायचे. मग डोंगा तिरपा सोडायचे आणि बरोबर घाटाच्या पायरीशी लागायचे. मी एकदा विचारलं, काहून एवढं वर जाता? ते म्हणाले, “पान्यासंगं भांडू नोको पोरा. काठाचं पानी आपलं असते, मधातलं तिचं.” मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा होतो.

आता लंकावीचं सांगतो.

त्रिपुरी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. बोट दायांग बुंतिंग बेट आणि त्याच्या शेजारच्या छोट्या बेटांमधल्या पट्ट्यात नांगरलेली होती. दोन्ही बाजूंना चुनखडीचे उभे कडे, त्यांच्या अंगावर झाडी, वर ब्राह्मणी घारी. याच दायांग बुंतिंगच्या पोटात गोड्या पाण्याचं तळं आहे, समुद्र आणि त्याच्यामध्ये खडकाची जेमतेम एक भिंत. सकाळी तिथे पोहून आलो होतो. तळ्यात उतरल्यावर मित्र म्हणाला, “हे तुझं पाणी, बाहेरचं माझं.” मला ते लागलं होतं.

दुपारी रबरी डिंगी घेऊन आम्ही तुबा बेटावरच्या गावातून पाणी आणायला गेलो. २० लिटरचे चार कॅन, भाजी, अंडी. परत निघायला पाच वाजले. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, त्यामुळे सातपर्यंत उजेड असतो. घाई नव्हती. पण पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. भरती-ओहोटीतला फरक तिथे अडीच-तीन मीटरपर्यंत जातो आणि ते सगळं पाणी साधारण सहा तासांत बेटांमधल्या अरुंद वाटांनी बाहेर पडतं. माझ्या मित्राला हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तिथीची पाऊणपट केली की मुंबईत भरतीची वेळ निघते, हे मला त्यानेच शिकवलं. पण इंजिन हाताशी असलं की माणूस ओहोटीचा विचार करत नाही.

बोट अडीचशे मीटरवर असताना इंजिन गुरगुरलं आणि बंद पडलं. त्याने दोरी ओढली. पुन्हा ओढली. तो खाली वाकून ओढत होता आणि मी बोटीकडे बघत होतो. बोट आधी समोर होती, मग बाजूला आली, मग मागे गेली. ती नांगरावरच होती, सरकत आम्ही होतो. दोन नॉटची ओहोटी म्हणजे मिनिटाला साठ मीटर. चार-पाच मिनिटं दोरीशी झटण्यात गेली. पट्टा संपून मोकळा समुद्र दिसायला लागला होता.

मी वल्ही काढली. रबरी डिंगीची वल्ही म्हणजे दोन तुकडे जोडलेली आखूड दांडकी, अडकवायच्या कड्या प्लॅस्टिकच्या. तो म्हणाला, “बोटीकडे मार, जोरात.” मी नाही म्हटलं. रबरी डिंगीला खाली कणा नसतो, एक वल्हं मारून दुसरं मारेपर्यंत ती थांबते. तिच्यात दीड नॉटच्या वर मी कधी गेलो नव्हतो. दोनच्या ओहोटीत दीडने सरळ बोटीकडे वल्हवलं असतं, तर जीव तोडूनही दर मिनिटाला पंधरा मीटर मागेच गेलो असतो. वर दमून बसलो असतो ते वेगळं.

त्याला म्हटलं, मागून उठ, मध्ये ये, वजन सारखं कर. पाण्याचा एक कॅन आडवा पाडून माझ्या पायाशी ठेव. व्हेलरमध्ये पाय रोवायला आडवी फळी असते, इथे काहीच नसतं, आणि पाय रोवल्याशिवाय पाठ लागत नाही. त्याने मुकाट्याने ठेवला. मी टोक किंचित प्रवाहाच्या वरच्या अंगाला धरलं आणि जवळच्या बेटाच्या कड्याकडे तिरपा निघालो. तेवढ्यात आणखी दोन-अडीचशे मीटर वाहून गेलो. तो सारखा म्हणत होता, बोट लांब चालली आहे. मला ते दिसत होतं.

कड्याचं एक नाक पाण्यात आलं होतं. त्याच्या मागे शिरलो आणि ओढ एकदम गेली. पाणी तिथे जागीच फिरत होतं, थोडं उलटंसुद्धा. वैनगंगेचं तेच काठाचं पाणी. तिथे दोन मिनिटं कड्याला धरून दम घेतला. मग खडकाला लागून वर. दर नाकावर दहा-पंधरा मीटर ओहोटी आडवी यायची, तिथे सगळा जोर, की पुढच्या खाचेत पुन्हा विसावा. खडकावर शिंपले होते, रबराला लागले तर फाटेल म्हणून तो एका हाताने डिंगी लोटून धरत होता. एक कडी वाकली, तिला त्याने रुमालाने बांधलं. बोटीच्या समोर आलो तरी मी थांबलो नाही. आणखी बरंच वर गेलो, मगच डिंगी सोडली. ती तिरपी खाली येत येत बोटीच्या शिडीशी लागली. त्याने शिडी धरली. पन्नास मिनिटं गेली होती.

रात्री त्याने टाकीचं झाकण पाहिलं. झाकणावर हवेसाठी एक छोटा स्क्रू असतो, तो व्हेंट बंदच होता. त्याने व्हेंट बंद असताना इंजिन सुरू केलं होतं. टाकीत हवा शिरली नाही की काही मिनिटांनी पेट्रोल यायचं थांबतं, एवढंच झालं होतं. तेव्हापासून तो सांगतो की प्रश्न वल्ह्याचा नव्हता, स्क्रूचा होता. स्क्रू अर्धा फेरा फिरवला असता तर पाच मिनिटांत बोटीवर असतो. दर दिवाळीला फोन होतो, दर दिवाळीला हे निघतं. वहिनीही त्याच्या बाजूने.

माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही आहे. स्क्रू नाहीतर पेट्रोलमध्ये पाणी जाईल, नाहीतर प्लग ओला होईल, नाहीतर पंख्यात दोरी अडकेल. इंजिन कधी ना कधी थांबतं. थांबल्यावर तुमच्याजवळ काय आहे? शिडाच्या बोटीवर इंजिन बंद पडलं तर शीड असतं, म्हणून तिच्यावर भरवसा टाकता येतो. डिंगीचं शीड म्हणजे वल्ही. आणि गोड्या पाण्यात शिकलेलं खाऱ्या पाण्यात चालत नाही, हे मला पटत नाही. दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले. त्यांची ‘म्हादेई’ गोव्यात मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर बांधलेली आणि तिचं नावही नदीचंच. पाणी ओळखणं महत्त्वाचं. ओळख पहिल्यांदा कुठे झाली याने फरक पडत नाही.

आता कयाक. खारफुटीतल्या अरुंद वाटा आणि कड्यांमधल्या गुहा यांच्यासाठी त्याच्यासारखं दुसरं काही नाही. लंकावीला किलिमच्या खाड्यांमध्ये मी सकाळी एकटा जायचो, घारी आणि माकडांशिवाय कोणी नसायचं. तोंड पुढे असतं, आवाज नसतो. पण त्याच्यावरून चार कॅन पाणी आणता येत नाही, गॅसचं सिलेंडर आणता येत नाही, आणि बोट चिखलात रुतली तर ती ओढून काढायला दुसरा नांगर लांब नेऊन टाकता येत नाही. ते डिंगीतूनच होतं. आमच्या बोटीवर आठ फुटी जुनी फायबरची डिंगी उलटी पडून होती, मित्र ती विकायच्या बेतात होता. त्या प्रसंगानंतर मी ती साफ केली, तिला साडेसहा फुटी लाकडी वल्ही घेतली आणि उरलेले चार महिने बहुतेक सगळी कामं तिच्यातून केली. दोन वल्ह्यांनी ती अशी सरळ जाते की हात सोडावेसे वाटत नाहीत.

तर सुरुवात अशी करा. रामटेकला खिंडसी तलावावर किंवा जिथे वल्ह्याची होडी मिळेल तिथे जा. पायडलची बदकं नकोत. वारा असलेला दिवस निवडा, शांत पाण्यावर काही कळत नाही. मागे दोन खुणा धरून अर्धा किलोमीटर सरळ जाता येईपर्यंत जात राहा. मग दोघांना बसवून जा. एखाद्या गावात नदीवर डोंगा चालवणारं कोणी भेटलं तर त्यांच्यासोबत बसा आणि ते कुठून वळतात ते बघा. शीड, नांगर, नकाशे यांसाठी मात्र समुद्रावर जावंच लागेल, मुंबई किंवा गोवा. तो भाग इथे लिहीत बसत नाही.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. पोहता येत नसेल तर आधी ते. लाईफ जॅकेट अंगात, डिंगीच्या तळाशी नाही. त्या दिवशी आमची दोन्ही जॅकेट बोटीवर राहिली होती आणि ती चूक माझी होती, कारण डिंगीत सामान मी भरलं होतं. खांद्याचं जुनं दुखणं असेल तर वल्हवण्याचा आग्रह धरू नका. अंदमानात जाणार असाल तर खारफुटीत मगरी आहेत, तिथे माझी सकाळची सवय लावून घेऊ नका, स्थानिक माणूस सोबत घ्या. आणि बेटं लांब लांब असतील, नांगर किनाऱ्यापासून एक किलोमीटरवर टाकावा लागत असेल, तर छोटं इंजिन घ्याच. मीही घेईन. घेतलं तर निघण्याआधी टाकीच्या झाकणावरचा व्हेंट उघडा आहे का ते बघा. एवढं तो बरोबर सांगतो.