वडिलांनी सही केली, तरी प्रकरण मिटलेलं नाही

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका ताईंचं चार पानी पत्र आलं आहे. गाव आणि कॉलेज ओळखू येईल असं सगळं वगळून मजकूर थोडक्यात देतो. मुलगा अठरा पूर्ण झालेला, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. गणेश चवथीची सुट्टी संपवून, नेवऱ्यांचा डबा घेऊन हॉस्टेलवर गेला. चौथ्या रात्री सीनियर मुलांनी त्याला आणि आणखी दोघांना एका खोलीत बोलावलं, आतून कडी घातली आणि पहाटेपर्यंत उठाबशा काढायला लावल्या. कोणी थांबला की मोजणी पुन्हा एकपासून. दोन दिवसांनी मुलाची लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली. बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात नेलं. तीन वेळा डायलिसिस, अकरा दिवस वॉर्डात. घरी येऊन आठवडा झाला, अजून जिना चढवत नाही.

भीतीपोटी मुलाने डॉक्टरांना 'जिममध्ये जास्त व्यायाम झाला' असं सांगितलं होतं. सहाव्या दिवशी कॉलेजची दोन माणसं वॉर्डात आली आणि वडिलांची एका टाइप केलेल्या कागदावर सही घेऊन गेली: मुलाने व्यायाम स्वतःहून केला, आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही. ताई नंतर पोलिसांत गेल्या, तर एनसी (अदखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्याचा तपास पोलीस कोर्टाच्या आदेशाशिवाय करत नाहीत) नोंदवून चिठ्ठी हातात मिळाली. त्यांचा प्रश्न असा: 'यजमानांनी सही करून दिली. आता आमच्या हातात काही उरलंय का? त्या मुलांचं वाटोळं व्हावं असंही वाटत नाही.'

ताई, पुष्कळ उरलं आहे. आधी त्या सहीचंच बघू, कारण तिनेच तुमची झोप उडवली आहे.

तुमचा मुलगा कायद्याने सज्ञान आहे. मार त्याला लागला, त्रास त्याने सोसला. तडजोड होऊ शकते असे काही गुन्हे असतात, पण ती करण्याचा हक्क ज्याला इजा झाली त्याचा, त्याच्या बापाचा नव्हे. आणि गुन्ह्याची तक्रार करणार नाही असा करार कोणी कोणाशी केला, तरी तो कायद्यासमोर टिकत नाही. त्यामुळे त्या कागदाने पोलिसांचे हात बांधले जात नाहीत आणि तुमचेही नाहीत.

मात्र तो कागद बिनमहत्त्वाचा आहे असं मी म्हणणार नाही. उद्या साक्षीच्या वेळी समोरचा वकील पहिल्यांदा तोच बाहेर काढील आणि 'मुलाने स्वतःहून व्यायाम केला' हे वाक्य यजमानांना वाचायला लावील. म्हणून आजच यजमानांनी कॉलेजच्या प्राचार्यांना पत्र लिहावं. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोण आलं, मुलाला तेव्हा डायलिसिसला नेलं होतं का, कागद कोणी टाइप करून आणला, वाचायला किती वेळ दिला, प्रत दिली का. शेवटी एवढंच, की घडलेला प्रकार तेव्हा मला माहीत नव्हता आणि ते निवेदन मी मागे घेतो. रजिस्टर्ड पोस्टाने आणि ईमेलने, दोन्हीकडून पाठवा.

आता त्या कागदाची दुसरी बाजू. विद्यापीठ अनुदान आयोगाचे रॅगिंगविरोधी विनियम २००९ सालचे आहेत. कॉलेजच्या प्रमुखाला रॅगिंगची माहिती मिळाली आणि त्यात फौजदारी गुन्हा दिसला, तर २४ तासांच्या आत त्याने स्वतः किंवा अधिकृत व्यक्तीमार्फत एफआयआर नोंदवायला हवा. पालकांची इच्छा आहे की नाही, हे त्यात कुठेही विचारलेलं नाही. आपणहून व्यायाम करून आजारी पडलेल्या मुलाच्या बापाकडून 'तक्रार नाही' असं लिहून घ्यायला कॉलेजची माणसं कशाला येतील? त्या दिवशी कॉलेजला काय माहीत होतं, हे तोच कागद सांगतो. त्याची प्रत मागा. दिली नाही, तर नकार लेखी घ्या.

पोलिसांकडे एनसी का झाली, तेही समजून घ्या, कारण चूक तिथेच दुरुस्त होते. तुमच्या चिठ्ठीत एवढंच आहे: 'सीनियर मुलांनी त्रास दिला व शिवीगाळ केली.' एवढ्यावर साधी दुखापत किंवा त्याहून किरकोळ काही दिसतं, आणि साधी दुखापत अदखलपात्र आहे. पण भारतीय न्याय संहितेत, म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यात, गंभीर दुखापतीची व्याख्या नीट वाचा. जिवाला धोका झाला, किंवा माणूस १५ दिवस तीव्र वेदनेत राहिला किंवा त्याला नेहमीचे व्यवहार करता आले नाहीत, तर ती गंभीर दुखापत. जुन्या दंड संहितेत हेच दिवस २० होते. तुमचा मुलगा अकरा दिवस वॉर्डात आणि सात दिवस घरात, म्हणजे अठरा दिवस झाले. शिवाय डायलिसिस. कलम ११७(२) खाली याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि गुन्हा दखलपात्र आहे. दाराला कडी घालून रात्रभर डांबून ठेवणं हा वेगळा दखलपात्र गुन्हा. यातलं एकही वाक्य तुमच्या पहिल्या तक्रारीत नव्हतं. म्हणून नवी तक्रार लिहा आणि त्यात कडी, उठाबशा, मोजणी, लघवीचा रंग, डायलिसिसच्या तारखा, सगळं क्रमाने येऊ द्या. गोव्याचा स्वतंत्र रॅगिंग बंदी कायदा २००८ सालचा आहे, त्याचाही उल्लेख हवा. तक्रार मराठीत दिलेली चालते. राजभाषा कायद्याने कोकणीबरोबर मराठीलाही शासकीय वापरात जागा आहे, कोणी इंग्रजीत लिहून आणा म्हटलं तर ऐकू नका.

कॉलेज दुसऱ्या पोलीस स्टेशनच्या हद्दीत आहे म्हणून तुम्हाला परत पाठवलं, असंही तुम्ही लिहिता. ते चुकीचं आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम १७३ प्रमाणे हद्द कोणतीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती घ्यावीच लागते. तुमच्या तालुक्याच्या ठिकाणी, वाळपईत दिलेली तक्रार तिकडे वर्ग होते. तीन वर्षं किंवा जास्त पण सात वर्षांखालच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवस प्राथमिक चौकशी करता येते, पण तुमच्यासारख्या प्रकरणात ती ढाल करून बसणं योग्य नाही. एफआयआर नाहीच घेतला, तर मजकूर पोलीस अधीक्षकांना पाठवा, आणि तिथेही काही झालं नाही तर कलम १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. एफआयआरची प्रत तुम्हाला विनामूल्य मिळाली पाहिजे. तपास कुठवर आला हे ९० दिवसांत कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे.

पुराव्यात सगळ्यात नाजूक गोष्ट हॉस्पिटलच्या पहिल्या कागदावर आहे. केसपेपरवर वरच 'व्यायामानंतर अंगदुखी' असं लिहिलेलं असणार. ती नोंद खोडायची नाही, खोडायला कोणाला सांगायचंही नाही. मुलाने तेव्हा खोटं का सांगितलं, हे त्याच्या जबाबात त्याच्याच शब्दांत आलं की पुरेसं आहे. अति ताणाने स्नायू तुटतात, त्यातला पदार्थ रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडं तुंबवतो, असा हा आजार. रक्तातलं सीके नावाचं एन्झाइम अशा वेळी कित्येक पटींनी वाढतं. त्या तपासण्यांचे आकडे आणि तारखा, डायलिसिसच्या नोंदी, डिस्चार्ज कार्ड, सगळ्याच्या प्रमाणित प्रती लेखी मागा. मागितल्यापासून ७२ तासांत त्या द्यायला हव्यात. आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारा, इतकं सीके नेहमीच्या जिमने होतं का. त्यांचं मत तपास अधिकाऱ्याने लेखी घ्यायला हवं.

कॉलेजला आणखी एक पत्र आजच जायला हवं, पुरावा जपून ठेवण्याचं. कॉरिडॉरचं सीसीटीव्ही, गेटचं रजिस्टर, त्या रात्री कोणता वॉर्डन ड्युटीवर होता, रॅगिंगविरोधी पथकाच्या रात्रीच्या फेऱ्यांची नोंद, समितीच्या बैठकांचं इतिवृत्त. सीसीटीव्ही बहुतेक ठिकाणी काही आठवड्यांत स्वतःवरच पुन्हा रेकॉर्ड होतं. तुमचे तीन आठवडे असेच गेले. हॉस्टेलमधलं सामान आणायला भावाला पाठवणार आहात, त्याला थांबवा. पंचनामा होईपर्यंत त्या खोलीतली एक वस्तूही हलवू नका, डबासुद्धा नाही. मुलाच्या फोनवर सीनियरचे मेसेज असतील तर ते फॉरवर्ड करू नका, फोन तसाच सांभाळा. मूळ उपकरण आणि साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र असेल, तर कोर्टात ते उभं राहतं. व्हॉट्सअॅपवर गावभर फिरलेली क्लिप बचाव पक्षालाच उपयोगी पडते.

त्या खोलीत आणखी दोन मुलं होती. त्यांचे पालक घाबरलेत आणि फोन उचलत नाहीत, असं तुम्ही लिहिता. त्यांच्यावर रागावू नका. एकदा घरी जाऊन सांगा, की त्यांच्या मुलाचा जबाब नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ प्रमाणे थेट न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवता येतो. मी पाहिलेल्या अशा प्रकरणांत दुसरा मुलगा बोलायला लागला की पहिल्याच्या पाठीचा कणा ताठ होतो.

कॉलेजच्या आतली कारवाई वेगळी चालते, तिला कोर्टाची वाट बघावी लागत नाही. रॅगिंगविरोधी समितीत पोलीस आणि पालकांचे प्रतिनिधीही असतात. वर्गातून निलंबन, हॉस्टेलबाहेर काढणं, निकाल रोखणं, एक ते चार सत्रं काढून टाकणं, प्रवेश रद्द करणं, इतपत समिती जाऊ शकते. २०१६ च्या दुरुस्तीनंतर भाषा, जन्मस्थान, राहण्याचं ठिकाण, आर्थिक परिस्थिती यावरून केलेला छळही रॅगिंगमध्ये येतो. मुलाच्या बोलण्यावरून त्याला 'रानातला' म्हणून हिणवत होते, हे पत्राच्या तिसऱ्या पानावर तुम्ही ओझरतं लिहिलंय. ते तक्रारीत ठळक यायला हवं. राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ वर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक जपा. हिमाचलमधल्या टांडा इथल्या अमन काचरूचा मार्च २००९ मध्ये सीनियरांच्या मारहाणीत जीव गेला, त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ही हेल्पलाइन सुरू झाली. त्या चार सीनियरना २०१० मध्ये चार वर्षांची सक्तमजुरी झाली. त्या आईवडिलांना मिळाली नाही ती संधी तुमच्याकडे आहे, मुलगा तुमच्यासमोर आहे आणि सांगू शकतो.

नुकसानभरपाईसाठी दिवाणी दावा सीनियर आणि कॉलेज दोघांवर करता येतो. डांबून ठेवल्याबद्दलच्या भरपाईची मुदत मात्र एकच वर्ष आहे, हे डायरीत लिहून ठेवा. ग्राहक आयोगाकडे मी नेणार नाही. शैक्षणिक संस्था त्या कायद्याखाली येत नाहीत, असं राष्ट्रीय आयोगाने २०२० मध्ये म्हटलं आहे. कॉलेज आणि विद्यापीठ विनियम पाळतच नसतील, तर पर्वरीला उच्च न्यायालयात रिट याचिका. वकिलाच्या फीची चिंता तुम्ही केली आहे. महिला म्हणून तुम्हाला उत्पन्नाची अट न लागता मोफत विधी सेवा मिळते, १५१०० वर फोन करा.

आता त्या मुलांचं वाटोळं. तुम्हाला असं वाटतं, याचा मला आदर आहे. पण ते ओझं तुमच्या खांद्यावर घेऊ नका. कोवळं वय आणि पहिला गुन्हा कोर्ट शिक्षा देताना बघतं, परिवीक्षेचा, म्हणजे चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडण्याचा कायदाही आहे. पुढे कधीतरी त्यांचे पालक माफी आणि पैसे घेऊन येतील, एफआयआर रद्द करण्यासाठी तुमच्या मुलाचं प्रतिज्ञापत्र मागतील. तेव्हा काय करायचं, हे त्यानेच ठरवावं, आणि तो आजारी, घाबरलेला असताना नाही. तोवर कोणी घरी आलं, तर चहा द्या, बोलू द्या, आणि कागदावर काहीही लिहून देऊ नका.

मुलगा बोलत नाही, म्हणता. त्याला उलटतपासणीसारखं विचारू नका. एक वही द्या, जेवढं आठवेल तेवढं तारखेसह त्याला स्वतःच्या हाताने लिहू द्या, त्याची शब्दरचना सुधारू नका. रात्री दचकून उठत असेल तर १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा.

एनसीच्या चिठ्ठीचा नंबर नव्या तक्रारीत पहिल्याच ओळीत घाला. दोन प्रती न्या, एकीवर सही-शिक्का आणि वेळ घेतल्याशिवाय काउंटरवरून उठू नका.